मलम हेही औषधच

"अव्वा, नोविन गुळिगी एनर तगोतीरेन्री?" डॉक्टरांनी विचारलं.

"इल्ल री," अव्वा म्हणाल्या.

मी शेजारच्याच खुर्चीवर होते. मीही मान हलवली. अव्वा दुखण्याची गोळी घेत नव्हत्या, हे अगदी खरं होतं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी थोडी वाढवली, रक्त आणि लघवी तपासायला चिठ्ठी लिहून दिली आणि आम्ही रिक्षात बसून घरी आलो. त्या दिवशी त्या दवाखान्यात कुणीच खोटं बोललं नव्हतं. तरी सांगायची ती एकच गोष्ट सांगायची राहून गेली.

आमच्या सासूबाई बैलहोंगलकडच्या. घरात त्यांना 'सासूबाई' असं कुणी म्हणत नाही. मी, माझे यजमान, दीर, जाऊ, सगळे 'अव्वा'च म्हणतो आणि मुलं 'अज्जी'. वय ७४. ब्लडप्रेशरसाठी रोज सकाळी एक गोळी, तिच्यातच लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं, आणि हृदयासाठी अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी. गुडघे दहा-बारा वर्षांपासून दुखतात. पण माणूस बसून राहणारं नव्हे. गेल्या मे महिन्यात हुबळीच्या वन्संच्या मुलाचं लग्न आमच्या घरूनच झालं. लाडू वळण्यापासून रुखवत मांडण्यापर्यंत अव्वा सगळीकडं. लग्न आटोपलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली. चपलेचा पट्टा पायावर रुतायचा. आम्हाला वाटलं, लग्नाची दगदग.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट नीट लागणार नाही. मी फार्मसी शिकलेली. एकवीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभी राहिलेली आहे. लोकांना "ही गोळी जेवल्यावर, ही जेवायच्या आधी" म्हणून सांगण्यात हयात गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात होता.

रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.७. जानेवारीत ते १.१ होतं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून तयार होणारा एक टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडं तो रक्तातून गाळून बाहेर टाकतात. तो रक्तात वाढला, की गाळणी कमी पडतेय असं समजायचं. माझ्या पायांखालची जमीनच सरकली.

त्याच दिवशी संध्याकाळी अव्वांच्या खोलीत पावसाची ओल आली म्हणून पलंग सरकवला. खाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. अव्वा काही टाकून देत नाहीत. रिकाम्या बाटल्या, दोऱ्याचे तुकडे, लग्नपत्रिका, सगळं जपून ठेवतात. डबा उघडला तर आत शेवटच्या थेंबापर्यंत पिळून सपाट केलेल्या दुखण्यावरच्या जेलच्या ट्यूबा. मी खाली बसून मोजल्या. सतरा.

सतरा ट्यूबा, प्रत्येकी ३० ग्रॅमच्या. कुणी आणल्या म्हणून विचारलं, तर एकेक जण पुढं झाला. यजमानांनी गणपत गल्लीतून आणलेल्या. धाकट्यानं कॉलेजातून येताना बसस्टँडजवळच्या मेडिकलमधून आणलेल्या, कारण अज्जीनं दहा रुपये खाऊला दिले होते. वन्संनी हुबळीहून येताना चार आणलेल्या, "अव्वाला बरं वाटतंय करून". जावेनं दोन दिलेल्या. आणि तीन माझ्याच हातच्या, आमच्याच दुकानातल्या. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानंच आणलीय. अव्वांनी कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. माणसं प्रेमानं आणतात, परत कसं द्यायचं?

लग्नाच्या धामधुमीचे तीन आठवडे धरले, तर दिवसाला जवळजवळ २४ ग्रॅम. दोन्ही गुडघे, कंबर, दोन्ही खांदे. दिवसातून पाच-सहा वेळा. रात्री मात्र खास सोहळा: गुडघ्यावर भरपूर जेल, त्याच्यावर तव्यावर गरम केलेलं रुईचं पान, त्याच्यावर घट्ट पट्टी, आणि पट्टीवर गरम पाण्याची पिशवी. सकाळी पट्टी सोडली की कातडी लालबुंद असायची. डाव्या गुडघ्याखाली एक फोडही येऊन गेला होता. तो त्यांनी आम्हाला दाखवला नव्हता.

"अव्वा, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलं?" मी विचारलं.

त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतेय. म्हणाल्या, "अदु हच्चोदवा, नुंगोदल्ल."

लावायचं ते, गिळायचं नव्हे. आणि मला वाटतं, आपल्या सगळ्यांच्या घरांत हाच घोळ आहे; मराठी घर असो की कानडी. औषध किंवा गुळिगी म्हणजे पोटात जाणारं. वरून लावायचं ते मलम, मुलाम. ते तेलाच्या आणि पावडरीच्या रांगेत कपाटावर उभं असतं. त्याला कुणी औषध म्हणून मोजत नाही. डॉक्टर 'गोळी' विचारतात, म्हातारं माणूस 'नाही' सांगतं, आणि दोघंही खरं बोलतात.

दुसऱ्या दिवशी डबाच पिशवीत घालून डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ट्यूबा बघितल्या आणि डोक्याला हात लावला. एका मलमावर सगळं खापर फोडता येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. लग्नानंतर दोन दिवस अव्वांना जुलाब झाले होते, अंगातलं पाणी कमी झालं होतं. वर लघवी वाढवणारी गोळी, ब्लडप्रेशरची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन. त्यात हे मलम. यांतलं एकेक एकटं असतं तर कदाचित निभावलं असतं. सगळी मिळून मूत्रपिंडांवर बसली.

आता हे जेल म्हणजे असतं तरी काय? ट्यूबच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक ट्यूबांवर 'डायक्लोफिनॅक डायएथिलअमाइन १.१६ टक्के' असं लिहिलेलं असतं; ते डायक्लोफिनॅक सोडियमच्या एक टक्क्याबरोबर धरतात. म्हणजे दुखण्यावर जी गोळी लोक गिळतात, तेच औषध. आपल्याकडच्या पुष्कळ ट्यूबांत त्याच्या जोडीला मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेंथॉल ५ टक्के आणि जवसाचं तेल ३ टक्के असतं. (हे जवस म्हणजे आपली अगशी. अव्वांना हे सांगितल्यावर त्या खूश झाल्या. अगशीची चटणी त्यांना फार आवडते.) मेंथॉलमुळं गार लागतं, मिथाइल सॅलिसिलेटचा तो ओळखीचा बामचा वास. लोकांना वाटतं, गार लागलं म्हणजे औषध भिनलं. तसं नव्हे. गारवा हा गारवा आहे. दुखणं कमी करायचं खरं काम डायक्लोफिनॅक करतं, आणि ते हळूहळू करतं. सांधेदुखीत पूर्ण गुण दिसायला आठवडाही लागतो.

ते काम कसं होतं? दुखऱ्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार करतं. सूज, ठणका, लाली ही त्यांचीच करणी. डायक्लोफिनॅक ते तयार होऊ देत नाही. पण हेच पदार्थ पोटाचं अस्तर जपतात आणि अडचणीच्या वेळी मूत्रपिंडाकडं जाणारा रक्ताचा ओघ राखतात. म्हणून या औषधांनी पोटात अल्सर होतो, पायांवर सूज येते, ब्लडप्रेशर वाढतं, मूत्रपिंडं कुरकुरतात. गोळी घेतली तर हा धोका मोठा, मलमानं बराच लहान. एका गुडघ्याला दिवसातून चार वेळा चार-चार ग्रॅम जेल लावलं, तर पन्नास मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज घेतल्यावर रक्तात जेवढं औषध फिरतं त्याच्या साधारण ६ टक्केच रक्तात जातं. पण तेच जेल दोन्ही गुडघ्यांना आणि दोन्ही हातांना मिळून दिवसाला ४८ ग्रॅम लावलं, तर ते प्रमाण २० टक्क्यांपर्यंत चढतं. हे मोजून बघितलेले आकडे आहेत. कातडी म्हणजे भिंत नव्हे, कापड आहे. जितकं ओताल तितकं झिरपणार.

मी हे सांगतेय ते जेलची भीती घालायला नव्हे. उलट, गुडघेदुखीत मी स्वतः गोळीच्या आधी जेलच सुचवते. २०१९ साली अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेनं आणि २०२२ साली ब्रिटनच्या आरोग्यखात्याच्या मार्गदर्शक संस्थेनं गुडघ्याच्या झिजेसाठी अशा वेदनाशामक मलमाची ठाम शिफारस केलेली आहे. हाताच्या बोटांच्या सांध्यांनाही त्याचा उपयोग होतो. सांधा कातडीच्या जितका जवळ, तितका गुण जास्त. खुब्याचा सांधा खोल मांसात दडलेला. तिथं कितीही चोळा, औषध पोचणं अवघड. कंबरदुखीतही त्याचा भरवसा देता येत नाही. अव्वांच्या सतरा ट्यूबांपैकी निम्म्या तरी कंबरेवरच गेल्या असतील.

मग किती लावायचं? इथं लोक दोन टोकांना असतात. काहीजण तांदळाच्या दाण्याएवढं घेऊन दोन्ही गुडघ्यांना फासतात, दोन दिवसांनी "काही उपयोग नाही" म्हणतात आणि शेजारणीची गोळी मागून घेतात. दुसरे आमच्या अव्वांसारखे. गुडघ्याला एका वेळी साधारण दोन ते चार ग्रॅम, दिवसातून तीन ते चार वेळा, असं माप आहे. मनगट, कोपर, बोटं यांना दोन ग्रॅम पुरे. आता घरात ग्रॅम कोण मोजणार? मी गिऱ्हाइकांना ट्यूबवरून हिशेब सांगते. तीस ग्रॅमच्या ट्यूबमध्ये दोन ग्रॅमच्या पंधरा मात्रा. एका गुडघ्याला, दिवसातून तीन वेळा म्हटलं तर ट्यूब पाच दिवस गेली पाहिजे. दोन्ही गुडघे असतील तर अडीच दिवस. दोन आठवडे पुरत असेल तर तुम्ही नुसता वास लावताय. एका दिवसात संपत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा. ट्यूब उघडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनानं लिहायची. इतकं सोपं आहे.

कुणी जाणकार म्हणेल, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एक टक्का जेलच्या माहितीपत्रकात सगळ्या सांध्यांची मिळून दिवसाची कमाल मर्यादा ३२ ग्रॅम दिलीय, मग अव्वांचे २४ ग्रॅम चुकले कुठं? चुकले ते असे. त्या जेलमध्ये डायक्लोफिनॅक एकटंच असतं, आपल्या ट्यूबेत वर १० टक्के मिथाइल सॅलिसिलेट, जे अ‍ॅस्पिरिनच्याच जातकुळीतलं. शिवाय ते जेल उघड्या कातडीवर लावायचं असतं, पानाखाली आणि पट्टीखाली कोंडायचं नसतं. आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या, लघवीची गोळी, मूत्रपिंडाचा त्रास, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला ती मर्यादा लागू पडतेच असं नाही. अशांनी मलमही डॉक्टरांना विचारूनच लावायचं.

शेकाबद्दल तर मला कळकळीनं सांगायचंय. आपल्याकडं 'लावा आणि शेका' हे एकाच श्वासात येतं. जुन्या तेलाला ते ठीक होतं, या जेलला नव्हे. वर शेक दिला, घट्ट पट्टी किंवा नी-कॅप चढवली, प्लास्टिक गुंडाळलं, तर औषध आत किती जाईल याचा अंदाजच राहत नाही. मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटवाल्या मलमांनी कातडी भाजल्याच्या तक्रारी आल्या म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानं २०१२ मध्ये मुद्दाम इशारा दिला होता. काहींना तर पहिल्यांदाच लावल्यावर फोड आले होते. तेव्हा शेक घ्यायचाच तर वेगळ्या वेळी, जेल पुसून धुऊन, कातडी थंड असताना. लावल्यावर दहा मिनिटं तरी वर कपडा नको, आणि तासभर आंघोळ नको. खरचटलेल्या, चिरलेल्या, पुरळ आलेल्या कातडीवर अजिबात नको.

लावून झालं की हात साबणानं धुवायचे. हे वाक्य ट्यूबवर असतंच, पण आपल्या बायका लावतात कधी? संध्याकाळी, चूल पेटवायच्या आधी. मग त्याच हातानं ज्वारीचं पीठ मळायचं. एका गिऱ्हाइकानं मला सांगितलं, "भाकरीला औषधाचा वास येतोय म्हणून नवरा जेवला नाही." आम्ही दोघी हसलो, पण पोटात तेही जातंच. हाताच्याच बोटांना लावलं असेल तर ते लगेच धुता येत नाही, नाहीतर औषधच जातं. तेव्हा ते स्वयंपाक आवरल्यावर लावावं आणि तासभर हात डोळ्याला, बाळाला, ताटाला लागू देऊ नये. रात्री नातवंडाला कुशीत घेऊन झोपणाऱ्या आज्जींनी खांद्याला लावलेलं जेल नातवाच्या गालाला पुसलं जातं, हेही ध्यानात ठेवा. घरात मांजर असेल तर तेही चाटतं. याच जातीच्या एका दुसऱ्या मलमानं मांजरं आजारी पडल्याचं आणि दगावल्याचं २०१५ मध्ये अमेरिकेत नोंदलं गेलंय. ट्यूब लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवायची. मिथाइल सॅलिसिलेट पोटात गेलं तर ते लहान मुलाला विष आहे.

जनावरांचा विषय निघाला म्हणून सांगते. अव्वांना मूत्रपिंडाचं पटवायला मला पुस्तकं कामाला आली नाहीत, गिधाडं आली. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की रणहद्दू उतरायचे. आता दिसत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. का, ते ठाऊक नव्हतं. गाई-म्हशींच्या अंगदुखीला हेच डायक्लोफिनॅक टोचायचे. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी हे कारण शोधलं, तोवर देशातली बहुतेक गिधाडं गेलेली होती. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. आपल्या कर्नाटकात रामनगरजवळच्या रामदेवर बेट्टावर २०१२ मध्ये गिधाडांसाठी अभयारण्य झालं. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. आपलं शरीर हे औषध पचवून बाहेर टाकतं, म्हणून तर आपण ते वापरतो. पण अव्वा बराच वेळ गप्प बसल्या, आणि त्यानंतर त्यांनी पुन्हा 'हच्चोदवा' म्हणून वाद घातला नाही.

आता कुणी जपून राहायचं ते सांगते. अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळीनं ज्यांना पूर्वी दमा उसळला, अंगावर पित्त उठलं, त्यांनी हे जेल वापरू नये. रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल, तर मिथाइल सॅलिसिलेटवालं मलम अंगभर चोळल्यानं रक्त जरुरीपेक्षा जास्त पातळ होऊ शकतं. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग दिसले तर लगेच डॉक्टरांकडं जा. पोटात अल्सर होऊन गेलेल्यांनी विचारूनच. गरोदर बायकांनी पाचव्या महिन्यापासून तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मुळीच नको. बाळाच्या मूत्रपिंडांवर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर त्याचा परिणाम होतो. दुखण्याची गोळी आणि जेल दोन्ही एकदम तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणीच घेऊ नये. आणि ज्यांना शेतात उन्हात राबायचंय त्यांनी लावलेली जागा झाकून घ्यावी, पण घट्ट बांधू नये. उन्हानं तिथं पुरळ उठू शकते, विशेषतः किटोप्रोफेनच्या जेलनं.

मुरगळलेला घोटा, क्रिकेट खेळून भरलेला दंड, तालमीत लचकलेली मान, यांना हे जेल चांगलं. पण आठवड्यात उतार पडला नाही तर दाखवायचं, आणि दोन आठवड्यांवर आपल्या मनानं ओढायचं नाही. पाय टेकवतच नसेल तर हाड बघून घ्यायचं. सांधा लाल, गरम, आणि बरोबर ताप असेल, किंवा एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, तर ट्यूब बाजूला ठेवायची आणि दवाखाना गाठायचा.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. पन्नाशीचे एक गृहस्थ आले, "डावा खांदा भरलाय, एक चांगली ट्यूब द्या." मी ट्यूब काढली आणि पैसे घेताना त्यांच्या हाताला हात लागला, गारठलेला, घामानं भिजलेला. पंखा चालू होता. "जबडाही दुखतोय काय?" म्हणून विचारलं तर "होय की, सकाळपासून." मी त्यांना तिथंच स्टुलावर बसवलं आणि दुकानातल्या पोराला रिक्षा आणायला पिटाळलं. हृदयविकाराचा झटकाच होता. ते वाचले, पुढं कित्येक महिने दुकानावरून जाताना हात करायचे. ट्यूब मात्र त्यांनी काउंटरवरच सोडली होती. छाती, डावा खांदा, हात, जबडा, पाठीचा वरचा भाग यांत नवं दुखणं, बरोबर घाम, धाप किंवा मळमळ असेल, तर चोळत बसण्यात एक मिनिटही घालवू नका.

अव्वांचं पुढं काय झालं, ते विचाराल. जेल पूर्ण बंद केलं. लघवी वाढवणारं औषध डॉक्टरांनी काही दिवस थांबवलं. ते त्यांनी थांबवलं, आम्ही नव्हे. अशा गोळ्या, विशेषतः अ‍ॅस्पिरिन, आपल्या मनानं सोडायच्या नसतात. पंधरा दिवसांत पायांची सूज उतरली. महिन्यानं क्रिएटिनिन १.२ वर आलं. त्या महिनाभर घरात कुणाच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. वन्सं फोनवर रडायच्या, "मीच नेऊन दिल्या गं चार." मी काय सांगणार? तीन माझ्याही होत्या.

गुडघे आहेत तसेच आहेत. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली सोडायचा, हा व्यायाम आता धाकटा त्यांच्याकडून करून घेतो. तो कानडीत मोजतो आणि सहानंतर मुद्दाम चुकतो, म्हणजे अज्जी चिडून स्वतःच मोजायला लागतात. पाटावर बसणं बंद झालं. गरम पाण्याची पिशवी आणि रुईचं पान सकाळी असतं, कोऱ्या कातडीवर. पानाचा चीक पुसून घेतात, कारण तो डोळ्यात गेला तर वाईट. दिवाळीनंतर डॉक्टरांनी पुन्हा जेल चालू करायला हरकत नाही म्हटलं: फक्त उजवा गुडघा, दिवसातून दोनदा, लागेल त्याच दिवशी. ट्यूब आता माझ्याच हातून येते, एका वेळी एकच, आणि तिच्यावर तारीख असते. वन्संनाही तसं सांगून ठेवलंय. त्या आता येताना पेढे आणतात.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. डॉक्टर तेच, खुर्ची तीच. "अव्वा, ब्यारे गुळिगी एनर तगोतीरेन्री?" अव्वा "इल्ल री" म्हणाल्या. मग कमरेची पिशवी सोडली, आतून अर्धी पिळलेली ट्यूब काढली आणि टेबलावर ठेवली. "इदु हच्चोदु ऐति. बरकोळ्री."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.